नाव अखंड ठेवणाऱ्या सहा ओळी

एखादा प्रोग्राम चालतो की नाही एवढेच आपण सहसा बघतो. तो शब्द न् शब्द थांबून वाचावा असे क्वचितच वाटते. मुनिरक्यातल्या एका भाड्याच्या खोलीत लिहिलेल्या सहा ओळी मात्र तशा वाचण्याच्या योग्यतेच्या आहेत.

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतले जुने गाव. शहर चारी बाजूंनी वाढले तरी गल्ल्या गावाच्याच राहिल्या. बाबा गंगनाथ मार्गाच्या पलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, त्यामुळे इथल्या खोल्यांमध्ये देशभरातले संशोधक राहत आले आहेत. या ओळी लिहिणारी त्यांच्यापैकीच एक, मराठी, इतिहासाची अभ्यासक. तिचा विषय अठराव्या शतकातले मोडी कागद, आणि लॅपटॉपवर त्या कागदांच्या शेकडो प्रतिमा. प्रत्येक प्रतिमेची पीडीएफ करायची, एवढेच या ओळींचे काम.

कामापेक्षा महत्त्वाची आहेत ती नावे. पहिली हार्ड डिस्क भरली, तिचे नाव ‘मुनिरका’ होते. म्हणून दुसरीचे नाव ‘मुनिरका २’. तिच्यात ‘पेशवे दप्तर’ हे फोल्डर. पुण्याच्या पुराभिलेखागारात हे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवतात, म्हणून आत ‘रुमाल १२’, ‘रुमाल १३’ अशी फोल्डरे. त्यांत ‘पान ३ मागची बाजू’ अशा नावांच्या फायली. माणूस बोलताना जे म्हणेल तेच इथे फाईलचे नाव झाले आहे, आणि प्रत्येक पायरीवर नावाच्या मधोमध स्पेस आहे.

या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. मूळ प्रोग्राममध्ये पायथनचे शब्द रोमन लिपीत आहेत. ‘मूळ’, ‘चित्र’ आणि ‘नवे’ ही तीन नावे मात्र तिथेही देवनागरीतच आहेत, कारण पायथन ३ मध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात.

फ्रॉम पाथलिब इंपोर्ट पाथ
इंपोर्ट सबप्रोसेस
मूळ = पाथ("/मीडिया/मुनिरका २") / "पेशवे दप्तर"
फॉर चित्र इन सॉर्टेड(मूळ.ग्लॉब("रुमाल */*.जेपीजी")):
    नवे = चित्र.विथ_सफिक्स(".पीडीएफ")
    सबप्रोसेस.रन(["आयएमजी२पीडीएफ", चित्र, "-ओ", नवे], चेक=ट्रू)

पहिल्या दोन ओळी साहित्य मांडून घेतात. खरी सुरुवात तिसरीपासून होते. ‘मुनिरका २’ आणि ‘पेशवे दप्तर’ या दोन नावांच्या मध्ये एक तिरपी रेघ आहे, आणि ती अवतरणचिन्हांच्या बाहेर आहे. अंकगणितात ही भागाकाराची खूण. पायथनच्या पाथलिब या मॉड्यूलने तिला पाथ, म्हणजे फाईलपर्यंतचा पत्ता, जोडण्याचे काम दिले. त्यामुळे ओळ वाचताना फोल्डरांचा उतार डोळ्यांना दिसतो: आधी डिस्क, मग तिच्या पोटातले दप्तर. नावातली स्पेस अवतरणचिन्हांच्या आत राहते आणि नावांमधली सीमा बाहेर. आतले काय आणि बाहेरचे काय, हे इतक्या स्वच्छपणे वेगळे करणारी ओळ पाहिली की तिच्या रचनेमागचा विचार शोधावासा वाटतो.

तो विचार सहज रुजलेला नाही. २००६ मध्ये ब्योर्न लिंडक्विस्ट यांच्या प्रस्तावात, पेप ३५५ मध्ये, पाथ हा स्ट्रिंगचाच एक प्रकार मानला होता. तो नाकारला गेला. पुढे २०१२ मध्ये आंत्वान पित्रू यांनी पेप ४२८ मांडला, आणि त्यात पाथला स्ट्रिंगपासून वेगळे काढले. मार्च २०१४ मध्ये आलेल्या पायथन ३.४ बरोबर पाथलिब आली. फरक वरवर तांत्रिक वाटतो, पण सगळे सौंदर्य त्यातूनच येते. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची नुसती रांग. ती कुठेही तोडा, कुठेही जोडा, तिला काही वाटत नाही. पाथ म्हणजे नावांची मालिका, आणि तिचा प्रत्येक दुवा एक अख्खे नाव असतो. ‘मूळ’ला त्याचे भाग विचारले तर तो तिरपी रेघ, ‘मीडिया’, ‘मुनिरका २’ आणि ‘पेशवे दप्तर’ असे चार भाग देतो. ‘२’ हा वेगळा भाग कधीच होत नाही. स्पेस त्याच्या लेखी ‘म’ किंवा ‘न’सारखेच एक अक्षर आहे.

चौथ्या ओळीतले ग्लॉब हे जुळणारी नावे शोधून आणते. ‘रुमाल’ या शब्दानंतर स्पेस, मग तारा. जी फोल्डरे या धाटणीची आहेत ती सगळी, आणि त्यांच्यातली सगळी छायाचित्रे. इथेही स्पेस नमुन्याचा भाग होऊन शांतपणे काम करते. हाच नमुना टर्मिनलवर अवतरणाशिवाय टाईप केला असता, तर टाईप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या शेलने स्पेसपाशी तोडून त्याचे दोन तुकडे केले असते. एक तुकडा नुसता ‘रुमाल’, आणि दुसरा कुठल्याही फोल्डरातली कुठलीही जेपीजी. पाचव्या ओळीत फक्त शेपूट बदलते. ‘पान ३ मागची बाजू’ हे नाव जसेच्या तसे राहते आणि जेपीजीच्या जागी पीडीएफ येते. शेवटच्या टिंबापलीकडचे तेवढे शेपूट, बाकी सगळे नाव, हा हिशेब पाथलाच ठाऊक असल्यामुळे लिहिणारीला अक्षरे मोजावी लागत नाहीत.

आता सहावी ओळ. रसिकाने रेंगाळावे ते इथे. आतापर्यंत सगळे पायथनच्या घरात चालले होते. या ओळीत नाव घराबाहेर पडते, आयएमजी२पीडीएफ या दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती जाते. स्पेसमुळे होणारे बहुतेक घोटाळे अशा हस्तांतराच्या क्षणीच होतात, म्हणून हस्तांतर कसे केले आहे ते बघण्यासारखे आहे. चौकटी कंसात चार गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये तीन स्वल्पविराम. प्रोग्रामचे नाव, चित्र, पर्याय, नवे नाव. प्रत्येक गोष्ट कुठे संपते हे स्वल्पविरामाने ठरवले, स्पेसने नाही. लिनक्सवर ही यादी थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे जाते. प्रत्येक घटक वेगळा, आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य मूल्याचा एक बाईट. युनिक्सच्या परंपरेत फाईलच्या नावात तिरपी रेघ आणि हा शून्य बाईट सोडून काहीही चालते. म्हणजे जो नावात येऊच शकत नाही, त्यालाच कुंपण केले आहे. हे बिनचूकपण त्या स्वल्पविरामांच्या पाठीशी उभे आहे.

याच कामाची दुसरी पद्धत शेजारी ठेवली की या ओळीची किंमत कळते. अनेक जण सगळी कमांड एका स्ट्रिंगमध्ये जोडतात आणि ‘ओएस डॉट सिस्टिम’ला देतात. तिथे ती शेलच्या हाती पडते, आणि शेल स्पेस दिसली की शब्द तोडतो. तिच्या डिस्कवरच्या एका पाथचे काय होईल ते पाहा. ‘/मीडिया/मुनिरका’, ‘२/पेशवे’, ‘दप्तर/रुमाल’, ‘१२/पान’, ‘३’, ‘मागची’, ‘बाजू.जेपीजी’. एका कागदाचे सात तुकडे, आणि त्यांतला एकही तिच्या संग्रहातल्या कागदाचे नाव नाही. आयएमजी२पीडीएफ एरर देईल. ओएस डॉट सिस्टिम तो निकाल नुसता परत देईल, आणि कोणी तपासला नाही तर लूप पुढच्या चित्राकडे वळेल. सहाव्या ओळीच्या टोकाला असलेले ‘चेक=ट्रू’ याचसाठी आहे. काम बिघडले तर प्रोग्राम तिथेच थांबतो आणि कोणत्या कमांडपाशी थांबला ते सांगतो.

एरर मिळणे हे तरी भाग्यच म्हणायचे. खरा धोका असतो तो एरर न येता भलतेच काम होण्याचा. समजा ही ओळ पीडीएफ करण्याची नसून ‘मुनिरका २’मधले ‘तात्पुरते’ फोल्डर पुसण्याची असती आणि शेलमार्गे गेली असती. शेलने तुकडे केले असते ते असे: ‘/मीडिया/मुनिरका’ आणि ‘२/तात्पुरते’. दुसरे कुठेच नाही. पहिले मात्र आहे, आणि ती पहिली डिस्क आहे, सगळ्या जुन्या प्रतिमांची. हे केवळ कल्पनेतले संकट नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्ससाठी आयट्यून्सची २.० ही आवृत्ती आणली. जुनी आवृत्ती काढून टाकणाऱ्या इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये पाथभोवती कोट घालायचे राहून गेले होते. ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती त्यांच्यापैकी काहींच्या डिस्क पुसल्या गेल्या, आणि ॲपलला घाईने २.०.१ आणावी लागली. २०११ मध्ये लिनक्सवरच्या बंबलबी या प्रकल्पात याच्या उलट घडले. पुसायच्या पाथमध्ये एक आगंतुक स्पेस पडली, आणि एका फोल्डरऐवजी सिस्टिमचे अख्खे ‘यूएसआर’ फोल्डर पुसण्याची कमांड तयार झाली. दोन्हीकडे कारण एकच: नावाची सीमा नावाच्या आत शोधली गेली.

या ठिकाणी तिच्या अभ्यासाचा विषय आणि तिचा प्रोग्राम एकमेकांना भिडतात. मोडी लिहिणारा कारकून आधी आडवी शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. कुठे शब्द संपतो ते वाचणाऱ्याने ठरवायचे. ते त्याला जमे, कारण त्याला भाषा येत होती, कागदाचा मायना ठाऊक होता, ‘राजश्री’नंतर काय येणार याचा अंदाज होता. शब्दांची फोड अर्थाच्या आधाराने होई. शेलकडे नेमका हा आधार नाही. १९७०च्या दशकातल्या युनिक्सपासून तो स्पेसवरच शब्द तोडत आला आहे, आणि ‘मुनिरका २’ हे एक नाव की दोन, हे समजून घेण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नाही. अर्थ न कळणाऱ्याने फोड करू नये, ज्याला कळते त्याने ती आधीच करून द्यावी. ही रीत सहाव्या ओळीने पाळली आहे. मोडी वाचण्यात ज्यांची वर्षे गेली आहेत त्यांना हे किती मोलाचे आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही.

ही यादी घेणारे सबप्रोसेस हे मॉड्यूल पीटर ओस्ट्रांड यांच्या पेप ३२४ मधून आले. २००४ च्या पायथन २.४ पासून ते आहे. मात्र पाथ थेट या यादीत ठेवता येणे ही नंतरची सोय. लिनक्सवर ती ३.६ पासून आहे, विंडोजवर ३.८ पासून. त्याआधी ‘चित्र’भोवती स्ट्रिंग करण्याचे वेष्टन घालावे लागे. आज ती ओळ इतकी मोकळी दिसते, कारण मधल्या वर्षांत कोणीतरी ते वेष्टन अनावश्यक करून ठेवले. विंडोजवर आणखी एक अडचण आहे. तिथे नव्या प्रोग्रामला यादी देता येत नाही, एकच लांब ओळ द्यावी लागते. म्हणून पायथन यादी घेतो आणि जिथे गरज तिथे दुहेरी कोट घालून ती ओळ स्वतः विणतो. लिहिणारीने स्वल्पविराम दिले आहेत, ते कुठल्या सिस्टिमवर कसे पोचवायचे ही चिंता पायथनची.

‘पाथभोवती आपणच कोट घातले की झाले’ असा सल्ला नेहमी मिळतो. तो अर्धाच पुरतो. फाईलचे नाव ‘पान ३ "खाडाखोड"’ असे असले की घातलेले कोट नावातल्या कोटांनी आधीच बंद होतात. शेलशिवाय गत्यंतर नसेल, उदाहरणार्थ कमांड दुसऱ्या मशीनवर एसएसएचने पाठवायची असेल, तर शेलेक्स मॉड्यूलमधले ‘कोट’ हे फंक्शन वापरावे. ते पायथन ३.३ पासून आहे. त्याचा स्वभाव मला आवडतो. धोकादायक अक्षरांची यादी करत बसण्यापेक्षा ते सुरक्षित अक्षरांची छोटी यादी बाळगते आणि बाकी काहीही दिसले की नावाभोवती एकेरी कोट घालते. त्या छोट्या यादीत रोमन अक्षरे, अंक आणि थोडी चिन्हे आहेत. म्हणून नुसते ‘मुनिरका’ दिले, एकही स्पेस नसताना, तरी ते कोटात गुंडाळून परत येते. हे फंक्शन युनिक्सच्या शेलसाठीच आहे, विंडोजसाठी नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

आणखी एक गुण सहज सुटून जाईल असा आहे. ‘मूळ’ची सुरुवात तिरप्या रेघेने होते, त्यामुळे ग्लॉबने आणलेला प्रत्येक पाथही तिरप्या रेघेनेच सुरू होतो. एखाद्या फाईलचे नाव वजाच्या खुणेने सुरू झाले असते आणि ते एकटेच पुढे गेले असते, तर आयएमजी२पीडीएफने त्याला फाईल न समजता पर्याय समजले असते. इथे तसे होऊ शकत नाही. लिहिणारीने हे जाणून केले की सवयीने, मला सांगता येणार नाही. चांगल्या सवयीतून आलेला गुणही गुणच.

उणिवाही आहेत. सॉर्टेडने नावे अक्षरांच्या क्रमाने लागतात, म्हणून ‘रुमाल १२’ हा ‘रुमाल २’च्या आधी येतो. पीडीएफ करण्यात त्याने काही बिघडत नाही, पण पुढे याच क्रमाने यादी छापली तर वाचणारा गोंधळेल. नवी पीडीएफ आधीच असेल तर काय करायचे, हेही ठरवलेले नाही. आणि ज्या स्पेस डोळ्यांना दिसत नाहीत त्यांच्याविषयी हा प्रोग्राम गप्प आहे. वेबपानावरून चिकटवलेल्या नावात कधी न तुटणारी स्पेस येते. ती दिसायला अगदी साधी असते, पण ग्लॉबच्या नमुन्यातल्या स्पेसशी तिचे जुळत नाही. ‘दुसऱ्या’तला ऱ्य जुन्या पद्धतीने टाईप केला असेल तर त्यात एक अदृश्य जोडखूण लपलेली असते. दोन फायली दिसायला सारख्या आणि मशीनला वेगळ्या. पायथनचे ‘रेपर’ हे फंक्शन अशा वेळी कामी येते. साधी स्पेस ते तशीच दाखवते, पण या लपलेल्या खुणा उघड्या करून त्यांचे क्रमांक लिहिते. नाव सापडत नसेल तेव्हा आधी रेपरने छापून बघावे.

नावांची यादी मजकुराच्या फाईलमधून वाचायची झाली तर एक पथ्य पाळावे. ओळीच्या शेवटची नव्या ओळीची खूण काढायला बरेच जण ‘स्ट्रिप’ वापरतात. ते नावाच्या दोन्ही टोकांच्या स्पेसही खाऊन टाकते, आणि लिनक्सवर टोकाची स्पेस नावाचाच भाग असते. ‘आरस्ट्रिप’ला फक्त नव्या ओळीची खूण दिली की तेवढीच निघते. बाकी नाव शाबूत.

‘फायलींच्या नावात स्पेस ठेवूच नका, अधोरेषा घाला’ हा उपदेश संगणकाच्या पहिल्या तासापासून ऐकवला जातो. काही ठिकाणी तो योग्य आहे. पुढे हीच अभ्यासक प्रबंध सादर करील, तेव्हा तो गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या भांडारात जाईल. तिथल्या फायलींची नावे आकडा, अधोरेषा, मग ‘टायटल’ अशा धाटणीची असतात. हजारो प्रबंध एका शिस्तीत लावायचे तर अशी एकसारखी नावे लागतातच, आणि पाथलिबच्या ‘विथ_नेम’ने ती त्या वेळी देता येतील. पण स्वतःच्या खोलीतल्या स्वतःच्या डिस्कवर माणसाने यंत्राच्या सोयीने नावे ठेवावीत, ही अपेक्षा उलटी आहे. विंडोज १९९५ मध्ये आठ अक्षरांच्या बंधनातून बाहेर आली, तेव्हा तिने स्वतःच्याच मुख्य फोल्डरला ‘प्रोग्राम फाईल्स’ असे स्पेस असलेले नाव दिले. तिथे नवे फोल्डर केले की ‘न्यू फोल्डर’ हे नाव आपोआप येते, आणि त्यातही स्पेस आहे. म्हणजे ज्यांनी कधी विचारही केला नाही त्यांच्या घरीही ती आलेलीच आहे. तिला टाळणारा प्रोग्राम खऱ्या जगाला टाळतो.

या सहा ओळींचे मोल मी त्यावरून ठरवतो. त्यांत कुठेही स्पेसवर उपाय केलेला नाही. एकाही स्पेसच्या जागी अधोरेषा घातलेली नाही, एकही कोट शेलसाठी जास्तीचा घातलेला नाही, उलटी तिरपी रेघ कुठेच नाही. स्पेस हा या प्रोग्रामपुढे प्रश्नच उरत नाही, कारण नावात डोकावून त्याची सीमा ठरवण्याची वेळ तो कुणावरच येऊ देत नाही. मराठी मुलामुलींना पायथन शिकवताना पहिल्या दिवशी वर्गाचे फोल्डर ‘पहिला तास’ असे नाव देऊन उघडावे आणि वर्षभर त्यातच काम करवून घ्यावे. पाथ तिरप्या रेघेने जोडायची आणि बाहेर देताना यादी करून द्यायची सवय त्यांना आपसूक लागेल. आणि पुढे त्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये कुणाच्याही ‘रुमाल १२’चे दोन तुकडे होणार नाहीत.